किडनीचा पेशंट आला की आधी औषधांची पिशवी मागा : नवीन फार्मासिस्ट मुलामुलींसाठी

आमच्या मेडिकलवर यंदा दोन नवीन मुलं लागलीत, दोघंही नुकतीच डी.फार्म. झालेली. मुलं हुशार आहेत, पर्ची पटकन वाचतात, बिल पटकन करतात, पण परवा एक आजोबा विचारत होते की बाळा ही गोळी जेवणाआधी का नंतर, तर मुलगा म्हणाला डॉक्टरांना विचारा. आजोबा बिचारे गप गेले. त्यांच्या पर्चीवर सेवेलामर होती, म्हणजे जेवताना घ्यायची गोळी. रिकाम्या पोटी घेतली तर तिचा काही उपयोग नाही, कारण ती जेवणातलं फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवायला असते. एवढंच सांगायचं होतं, दहा सेकंदांचं काम होतं.

म्हणून हे लिहितेय. इंदूरमध्ये दवा बाजारापासून राजेंद्र नगरपर्यंत दर शंभर पावलांवर मेडिकल आहे, आणि किडनीचा पेशंट नेफ्रॉलॉजिस्टकडे दोन-तीन महिन्यांतून एकदा जातो पण आपल्याकडे दर महिन्याला येतो, कधी दर आठवड्याला. त्याला समजावून सांगायची सगळ्यात जास्त संधी आपल्याला मिळते. आणि हे काही उपकार म्हणून करायचं नाही, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला समुपदेशन करणं हे फार्मासिस्टचं कामच म्हणून लिहिलंय. मालक म्हणाला टाइम वाया घालवू नकोस तर हे शांतपणे सांगा.

पायरी १ : पिशवी ओता

पेशंट किंवा घरचं कोणी पहिल्यांदा आलं की म्हणायचं, काका पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. सगळी म्हणजे सगळी, डॉक्टरांनी दिलेली, शेजाऱ्यांनी सुचवलेली, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, पोट साफ व्हायचं चूर्ण, लावायची मलमं, अर्धी वापरलेली सिरपची बाटली. लोक आधी लाजतात, मग आणतात. मला तरी आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

पिशवी काउंटरवर ओतायची आणि चार ढीग करायचे. एक बीपीचा, एक शुगरचा, एक किडनीच्या डॉक्टरांचा आणि चौथा 'हे कोणी दिलं?' असा. खरी शिकवणी त्या चौथ्या ढिगातून सुरू होते.

एका आजींची पिशवी मला अजून आठवते, साडीच्या दुकानाची गुलाबी पिशवी, तोंडाला दोऱ्याची गाठ. आतून निघालं काय तर बीपीची टेल्मिसार्टन, त्याच औषधाची दुसऱ्या नावाची आणखी एक स्ट्रिप (दोन डॉक्टर, दोन पर्च्या, औषध एकच), पाणी उतरवायची गोळी, गुडघ्यासाठी असिक्लोफिनॅकची अर्धी स्ट्रिप, कात्रीने कापलेले तीन सुटे तुकडे ज्यांच्यावर नावच उरलं नव्हतं, आणि एका जुन्या डबीत काळी पूड, जी 'किडनी धुते' असं कोणीतरी सांगितलेलं. आजी म्हणाल्या, "अगं, मी नीट औषध घेते हो, एक पण चुकवत नाही." खरंच चुकवत नव्हत्या, दुखणं हेच होतं की त्या सगळीच घेत होत्या.

कापलेल्या स्ट्रिपबद्दल एक सवय लावून घ्या. आपण चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि एक्सपायरी असलेला कोपरा पेशंटकडे जाईल असं कापायचं, नाही जमलं तर पाकिटावर लिहून द्यायचं, मराठीत किंवा हिंदीत, जे घरात वाचता येतं त्यात.

पायरी २ : रिपोर्ट वाचायला शिका, घाबरवायला नाही

क्रिएटिनिन १.६ बघून घरचे म्हणतात, थोडंसंच वाढलंय ना. आकडा छोटा दिसतो म्हणून फसगत होते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, तो किडनी बाहेर टाकते, त्यामुळे बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बाईचं १.६ आणि धट्टाकट्टा तरुणाचं १.६ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हिशोब एकदा हाताने करून बघा. आजी ६८ वर्षांच्या, वजन ५४ किलो, क्रिएटिनिन १.६. किडनी क्रिएटिनिन किती वेगाने बाहेर टाकते, म्हणजे क्लिअरन्स, ते काढायचं कॉक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र म्हणजे १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा. १४० वजा ६८ म्हणजे ७२, वरचा आणि खालचा ७२ कटला, ५४ भागिले १.६ म्हणजे ३३.७५, गुणिले ०.८५, साधारण २९. आता याच आजींच्या लॅब रिपोर्टवर ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज) ३५ च्या आसपास छापून येईल, कारण लॅब दुसरं सूत्र वापरते ज्यात वजन धरत नाहीत. दोन्ही बरोबरच आहेत, कामं वेगळी आहेत, आजाराची स्टेज ईजीएफआरवरून ठरते आणि बऱ्याच औषधांचे डोस कॉक्रॉफ्ट-गॉल्टवरून ठरवलेले आहेत. फरक जास्त दिसला तर डॉक्टरांना फोन करून विचारा कुठला धरायचा.

स्टेज पाठ करून ठेवा, ईजीएफआर ९० च्या वर पहिली, ६० ते ८९ दुसरी, ४५ ते ५९ तिसरीचा अ भाग, ३० ते ४४ तिसरीचा ब, १५ ते २९ चौथी, १५ च्या खाली पाचवी. पण एका रिपोर्टवरून कोणाला किडनीचा जुनाट आजार म्हणायचं नाही, बिघाड ३ महिने टिकून दिसायला हवा, आणि पहिल्या दोन स्टेजमध्ये लघवीत प्रोटीन किंवा दुसरी खूण असल्याशिवाय तो आजार धरतच नाहीत. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतून किती प्रोटीन जातंय ते) ३० च्या खाली असेल तर बरं, ३०० च्या वर असेल तर किडनीवर ताण बराच आहे. ही टेस्ट खूप जणांची झालेलीच नसते, फक्त क्रिएटिनिन करून घेतात. शुगर किंवा बीपीचा पेशंट असेल आणि ही टेस्ट कधी झाली नसेल तर पर्चीच्या मागे लिहून द्या की पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा.

'इतके टक्के किडनी उरली' असं पेशंटला सांगू नका. मी म्हणते, तुमची किडनी आता हळू काम करतेय, म्हणून औषधं शरीरातून बाहेर जायला वेळ लागतो, म्हणून काही गोळ्या कमी कराव्या लागतील आणि काही घ्यायच्याच नाहीत. एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पायरी ३ : पेनकिलर

इथे मी थांबणार आहे, कारण आपल्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

मी नवीन होते तेव्हा रामबागेतून एक काका यायचे, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि पाय सुजतात म्हणून पाणी उतरवायची गोळी चालू होती. गुडघे दुखतात, डायक्लोफिनॅक दे म्हणायचे, आणि मी द्यायची. ओळखीचे होते, रोजचे होते, गोड बोलायचे. डायक्लोफिनॅक शेड्यूल एच मध्ये आहे, पर्चीशिवाय द्यायचीच नसते, हे मला माहीत होतं तरी दिली. उन्हाळ्यात त्यांना दोन दिवस जुलाब झाले आणि ते ॲडमिट झाले, क्रिएटिनिन एकदम वाढलेलं. नंतर बरे झाले, परत आले, मला काही बोलले पण नाहीत. पण त्या दिवसापासून मी कोणाला विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी दिलेली नाही.

होतं काय ते नीट समजून घ्या, म्हणजे सांगता येईल. किडनीच्या गाळणीत रक्त आत आणणारी एक बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी एक. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक, निमेसुलाइड या घराण्यातल्या गोळ्या आत आणणारी नळी आवळतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल बाहेर नेणारी नळी सैल करतात. पाणी उतरवायच्या गोळीने रक्तातलं पाणीच कमी झालेलं असतं. तिन्ही एकत्र आली की गाळणीत दाबच उरत नाही, वरून जुलाब किंवा मे महिन्यातलं इंदूरचं ऊन लागलं की किडनी बसते.

काकांना सांगायचं असं की नळाला पाणी येतंय कमी, मोटर पण बंद आणि टाकीची तोटी खालून उघडी, मग वरच्या मजल्यावर पाणी चढणार कसं. आमच्या कॉलनीत पाण्याची ओरड कायमची, त्यामुळे हे लगेच डोक्यात बसतं.

मग दुखलं तर काय घ्यायचं? पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात. पण लक्षात ठेवा, बाजारात पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन किंवा असिक्लोफिनॅक मिसळलेल्या गोळ्या भरपूर आहेत आणि पेशंटला त्या 'साधी तापाची गोळी' वाटतात. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षर वाचून दाखवा. शेक, मालिश, गुडघ्याचा व्यायाम हे पण सांगा, आणि दुखणं रोजचं असेल तर डॉक्टरकडे पाठवा, नाहीतर तो दुसऱ्या मेडिकलवरून घेऊन येईलच.

पायरी ४ : उरलेल्या ढिगांवर नजर

शुगरची मेटफॉर्मिन, ईजीएफआर ३० च्या खाली गेला की बंद करावी लागते, ४५ च्या खाली डोस कमी करावा लागतो. पायाच्या जळजळीसाठीची प्रिगाबालिन आणि गॅबापेंटिन किडनीतूनच बाहेर जातात, डोस कमी केला नाही तर पेशंट दिवसभर झोपाळलेला, तोल जातो, घरचे म्हणतात वय झालं. पाठ आखडली म्हणून दिलेली बॅक्लोफेन तर किडनी कमजोर असलेल्या माणसाला गुंगीत नेऊ शकते, ती दिसली की फोन उचला. मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमवाली ॲसिडिटीची औषधं आणि मिल्क ऑफ मॅग्नेशियावाली पोट साफ व्हायची सिरप, किडनी जास्त बिघडलेली असेल तर विचारल्याशिवाय नको.

एक गोष्ट आपले लोक आनंदाने सांगतात आणि ती ऐकून मला धडकी भरते, "ताई माझी शुगर आता आपोआप कंट्रोलमध्ये आली." किडनी मंदावली की इन्सुलिन आणि ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर शरीरात लांबतो, त्यामुळे शुगर खाली जाते, रात्री घाम फुटतो, हात थरथरतात. याला सुधारणा समजू नका, डोस कमी करायची वेळ आलीय. शुगर अशी खाली गेली की लगेच ३-४ चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, संत्र्याचा ज्यूस नको कारण त्यात पोटॅशियम.

टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलवाल्या गोळ्या मात्र घाबरून बंद करू नका, त्या किडनीला वाचवायलाच दिलेल्या असतात. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगा, क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी डॉक्टर बहुतेक वेळा गोळी चालू ठेवतात. पेशंट रिपोर्ट बघून घरीच बंद करतो, ते आपण थांबवायचं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता शुगर नसलेल्यांना पण किडनीसाठी लिहितात, तेव्हा पेशंट काउंटरवर भांडतो की मला शुगर नाही मग शुगरची गोळी का दिली. समजावून सांगा. आणि या गोळीने लघवीतून साखर जाते, त्यामुळे लघवीच्या जागी फंगल इन्फेक्शन होऊ शकतं, हे बायकांना सांगायला आपल्या दुकानातली मुलगी असेल तर तिनेच बाजूला घेऊन सांगावं. स्वच्छता, कोरडेपणा, खाज सुटली तर लपवायचं नाही.

वेळा पण लिहून द्या. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र नको, मधे किमान २ तास. फॉस्फरस धरणारी गोळी (सेवेलामर) जेवताना. रक्त वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत, म्हणजे फ्रिजच्या दारात नाही, फ्रीजरमध्ये तर मुळीच नाही, मधल्या कप्प्यात. हलवायचं नाही. आपल्याकडून नेताना आइस पॅकसोबत द्या पण बर्फाला थेट चिकटवून नाही, बाहेर ४२ डिग्री असतं आणि लोक स्कूटरच्या डिकीत टाकून सरळ बाजारात जातात.

पायरी ५ : आजारी दिवसाचा कागद

उलट्या, जुलाब, ताप, दोन दिवस जेवण नाही, अशा वेळी टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलवाल्या बीपीच्या गोळ्या, पाणी उतरवायची गोळी, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन काही दिवस थांबवाव्या लागतात. कुठली थांबवायची हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यायचं आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवायचं, खाली डॉक्टरांचा नंबर आणि दुकानाचा नंबर. खाणंपिणं नीट सुरू झालं की परत कधी चालू करायच्या ते पण त्याच कागदावर. हा कागद मी स्वतः लिहून देते, पाच मिनिटं लागतात.

पायरी ६ : ताटातलं बोलणं

आहाराचा तक्ता डायटिशियनचा, आपण औषधाशी जोडलेलं तेवढंच सांगायचं. पण इंदूरच्या मराठी घरात मिठाचा विषय काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, सकाळी पोह्यांवर सेव आणि जिरावण मसाला, जेवणात लोणचं-पापड, संध्याकाळी परत शेव-परमल, आणि भाजीत मीठ कमी घातलं म्हणून समाधान. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. मी पोहे बंद करा म्हणत नाही, सेव आणि जिरावण काढा, वर लिंबू आणि कोथिंबीर घ्या.

सैंधव चालतं असं सगळ्यांना वाटतं. चालत नाही, ते पण मीठच आहे. आणि बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, ते टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पाणी उतरवायची, पण पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी) घेणाऱ्या किडनीच्या पेशंटला धोक्याचं आहे, पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. सून प्रेमाने आणते सासऱ्यांसाठी, म्हणून सुनेला सांगा.

उपवासाचं पण विचारा. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, आणि उपवासाला काय तर केळं, उकडलेला बटाटा, शेंगदाणे, नारळपाणी. सगळं पोटॅशियमचं. ज्यांचं पोटॅशियम रिपोर्टमध्ये जास्त आलंय त्यांनी उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून, गोळ्यांच्या वेळा ठरवून. बटाटा सोलून बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी फेकायचं, त्याने पोटॅशियम बरंच उतरतं. हिवाळ्यात सराफ्यातला गराडू, तो पण कंदच, जपून. आणि कमरख (स्टारफ्रूट) हे फळ किडनीच्या पेशंटने अजिबात खायचं नाही, त्यातलं विष किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि ते मेंदूवर जातं, उचकी थांबत नाही, झटके येतात. शाळेबाहेर मीठ-तिखट लावून मिळतं म्हणून कोणाला ते वाईट वाटतच नाही.

पाणी किती प्यायचं हे आपण ठरवायचं नाही. 'भरपूर पाणी प्या, किडनी धुतली जाईल' हा सल्ला सुजलेल्या पेशंटला दम लागेपर्यंत नेऊ शकतो.

पायरी ७ : त्यांच्या तोंडून ऐका

समजलं का विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी असं विचारा, "काका, घरी काकू विचारतील ही गोळी कशाची, तर काय सांगाल?" त्यांनी जे सांगितलं त्यात चुकलं ते परत सांगा, एका वेळी दोन-तीनच गोष्टी, बाकी पुढच्या महिन्यात. दुकानात खुर्ची ठेवा, दुपारी ३ ते ५ गर्दी कमी असते तेव्हा बोलवा. काळ्या पुडीबद्दल रागवू नका, रागवलं की पुढच्या वेळी ती पिशवीतून गायब होते आणि घरी चालूच राहते. त्या गुलाबी पिशवीवाल्या आजींना मी एवढंच म्हटलं, यात काय आहे ते डबीवर लिहिलेलं नाही, मला पण कळत नाही, रिपोर्ट येईपर्यंत बाजूला ठेवूया का. त्यांनी डबी माझ्याकडेच ठेवायला दिली.

आणखी दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. ज्यांची किडनी चौथ्या स्टेजकडे चाललीय त्यांनी डाव्या हाताच्या (डावखुरे असतील तर उजव्या) शिरांमधून रक्त काढू द्यायचं नाही, सलाइन लावू द्यायचं नाही, पुढे डायलिसिससाठी फिस्टुला (सुई लावायला रक्तवाहिन्यांचा केलेला जोड) त्याच हातात करायचा असतो. आणि हेपेटायटिस बीची लस लवकर घ्यायची, किडनी पार गेल्यावर लस नीट लागत नाही.

आपण स्वतःहून कुठलंही औषध बंद करायचं नाही, डोस बदलायचा नाही. शंका आली की डॉक्टरांना फोन, आणि फोनवर गोष्ट न सांगता थेट मुद्दा, 'पेशंट ६८ वर्षं, क्लिअरन्स २९, प्रिगाबालिनचा हा डोस चालू आहे, कमी करायचा का?' असं विचारलं की डॉक्टर ऐकतात. दम लागणं, लघवी एकदम कमी होणं, छातीत धडधड, हातपाय गळून जाणं, सतत उलट्या, यातलं काही दिसलं तर समजावत बसू नका, लगेच हॉस्पिटलला पाठवा, रात्र असली तरी.

शेवटी वही. दोनशे पानी साधी वही घ्या, एका पेशंटला एक पान, तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, चालू औषधं, काय सांगितलं, पुढच्या वेळी काय विचारायचं. ही वही काउंटरखाली ठेवायची, वर नाही, दुसऱ्याचा रिपोर्ट तिसऱ्याने वाचायचा नसतो. नवीन गोळी सुरू झाली असेल तर दोन आठवड्यांनंतरची तारीख लाल पेनाने लिहायची आणि त्या दिवशी फोन करायचा, "आजी, रक्त तपासलं का?" आपल्या दोन मुलांपैकी एकाने कालच पहिलं पान भरलं, सेवेलामरवाल्या आजोबांचं. नंबर बिलावर होता, त्याने स्वतःच फोन लावला आणि सांगितलं की आजोबा, ती गोळी जेवताना घ्यायची.